गहू भिजत घालू का?

माघ सरत आला की सकाळी उठल्यावर मी आधी गुलमर्गला किती बर्फ पडला ते बघतो. काश्मीरशी माझा तसा काडीचा संबंध नाही. राहायला लातुरात, शेती गावाकडं, ती थोरले चुलते, आमचे तात्या, बघतात. गुलमर्ग इथून सरळ रेषेत साडेसतराशे किलोमीटर. आता घरात कुणी विचारत नाही, पण सुरुवातीला ‘ह्याची बदली तिकडं झाली का काय’ अशी चौकशी नातेवाइकांत व्हायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर काश्मीर-हिमाचलात जो बर्फ पडतो आणि त्याच दिवसांत आमच्या मराठवाड्यात ज्या गारा पडतात, त्या दोन्हींच्या मागं बऱ्याचदा एकच हात असतो. पश्चिमी झंझावाताचा. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेली ही थंड हवेची लाट इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन थडकते. हिवाळ्यात महिन्याला अशा चार-सहा येतात. बहुतेक वरच्या वर निघून जातात, आम्हाला पत्ताही लागत नाही. फार तर रात्रीची थंडी दोन दिवस कमी होते आणि लाट पुढं सरकून वारा उत्तरेचा झाला की पुन्हा वाढते. पण एखादीचं शेपूट दक्षिणेकडं लांबत लांबत पार दख्खनपर्यंत येतं. मग खेळ वेगळा.

काश्मिरी लोक थंडीचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा, जो मार्चच्या सुरुवातीला संपतो. तिकडं खरा धाक कलानचा. कलानातला बर्फ टिकतो, उन्हाळ्यात झेलमला पाणी देतो, म्हणून तो पडावा असं सगळ्यांना वाटत असतं. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग जवळपास कोरडं होतं, स्कीइंगच्या उतारांवर पिवळं गवत दिसत होतं, आणि बर्फ आला तो महिना संपता संपता. आमच्या हिशेबानं मात्र कलान निरुपद्रवी आणि बच्चा वाईट. कलानात आमच्याकडं जमीनही थंडच असते. बच्चा येईतो इथं दुपारचं ऊन चौतीस-पस्तीसवर गेलेलं असतं. खाली तापलेली जमीन आणि त्याच वेळी वर साडेपाच किलोमीटरवर उत्तरेकडून आलेली बर्फगार हवा! हवेला वर चढायला यापेक्षा चांगला जिना मिळत नाही.

आणि शेतात काय असतं त्या वेळी? सगळंच असतं. ज्वारी काढणीला आलेली किंवा काढून पेंढ्या रानात पडलेल्या. हरभऱ्याचे घाटे वाळलेले. गहू ओंबीत. आंब्याला बाळकैऱ्या. द्राक्षाच्या बागेत माल साखर धरत असलेला. वर्षभराच्या खर्चाचा पैसा उघड्यावर ठेवलेला असावा अशी ती वेळ.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट चालूच होती. एक ढग येऊन झोडपून जायचा, लोक पडलेली ज्वारी उचलून उभी करू की नको या विचारात असायचे, तोवर दुसरा यायचा. एरवी गारा दहा मिनिटांत विरघळतात. त्या वर्षी बांधाच्या कडेला ढीग साचलेले दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच होते. झाडाखाली पोपट आणि बगळे मरून पडले होते. द्राक्षाच्या वेलींना नुसत्या काड्या राहिल्या होत्या, आणि त्या काड्यांच्या एकाच बाजूची साल सोललेली होती, गारा ज्या दिशेनं आल्या त्या बाजूची. त्यात ५ मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली, त्यामुळं मदतीचा निर्णय घ्यायलासुद्धा निवडणूक आयोगाकडं बघावं लागलं. वाहिन्यांवर पांढऱ्या रानाचे फोटो फिरत होते आणि खाली ‘मराठवाड्यात मिनी काश्मीर’. ही ओळ दर गारपिटीला कुणी ना कुणी लिहितंच. ती लिहिणाऱ्याला एकदा त्या रानातून अनवाणी चालवावं असं मला आजही वाटतं.

मला हा नाद लागला तो तेव्हापासून.

बर्फ पडला म्हणजे गारा पडणार, असं सरळ गणित मात्र नाही. असतं तर मी आतापर्यंत ज्योतिषी झालो असतो. २०२५च्या फेब्रुवारीत शेवटच्या आठवड्यात हिमाचल आणि उत्तराखंडात बेफाम बर्फ पडला. २८ तारखेला बद्रीनाथजवळ माणा इथं हिमकडा कोसळून सीमा रस्ते संघटनेचे ५४ कामगार गाडले गेले, त्यांतले ८ दगावले. आणि त्याच आठवड्यात हवामान खातं मुंबई-कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा देत होतं, फेब्रुवारीत! झंझावात जोरदार होता, पण तो वरून वरून गेला.

तेव्हा झंझावात किती मोठा यापेक्षा तो किती खाली उतरला, हे बघायचं. हवामान खात्याच्या रोजच्या इंग्रजी बुलेटिनमध्ये यासाठी एक रुक्ष वाक्य असतं. मधल्या आणि वरच्या थरातल्या वाऱ्यांची द्रोणिका (म्हणजे झंझावाताचं ते दक्षिणेकडं लांबलेलं शेपूट) अमुक रेखांशावर, तमुक अक्षांशाच्या उत्तरेला. बातम्यांमध्ये हे वाक्य कधी येत नाही, कारण त्यात ना पाऊस आहे ना वादळ. मी मात्र बुलेटिन उघडून आधी तोच अक्षांश शोधतो. ‘३०च्या उत्तरेला’ असेल तर फोन बाजूला ठेवून कामाला लागायचं. २५ असेल तर राजस्थान-मध्य प्रदेशाकडं लक्ष ठेवायचं. आकडा २०च्या आसपास किंवा खाली आला, की तो आमचा. लातूर साधारण १८.४ अंशांवर आहे.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. नुसती थंड हवा वर येऊन काही होत नाही, ढगाला पाणी लागतं. ते बंगालच्या उपसागराकडून येतं, कधी अरबी समुद्राकडून. विदर्भापासून मराठवाडा आणि कर्नाटकावरून केरळपर्यंत वाऱ्यांची एक खंडित रेषा तयार होते. तिच्या एका बाजूला कोरडा वायव्येचा वारा, दुसऱ्या बाजूला ओलसर आग्नेयेचा. हे समजायला उपग्रह लागत नाही. फाल्गुनात पहाटे उगवतीकडून मऊ वारा आला, गच्चीवरचे वाळलेले कपडे सकाळी हाताला ओलसर लागले, की जुनी माणसं म्हणतात, आभाळ येणार. आणि ते येतं.

त्यापुढं खात्री करायची तर फुगे आहेत. हवामान खातं नागपूर, हैदराबाद अशा ठिकाणांहून पहाटे साडेपाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेसाठी उपकरण लावलेले फुगे सोडतं. वर जाता जाता ते तापमान, ओलावा, वारा कळवत जातात. ही सगळी नोंद अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आलेखाच्या रूपात बघायला मिळते, फुकट. नागपूरच्या डोक्यावरची हवा वायोमिंगवरून लातुरात बघायची, यातली गंमत मला अजून ओसरलेली नाही. ५०० हेक्टापास्कल हवादाबाच्या पातळीवर, म्हणजे साधारण त्या साडेपाच किलोमीटर उंचीवर, तापमान उणे दहाच्या खाली घसरलं असेल आणि जमिनीलगत ओलावा भरलेला असेल, तर त्या दुपारी मी कुणाला ‘काही होत नाही हो’ असं सांगत नाही.

आता काकूंकडं येऊ. कारण या सगळ्या अभ्यासाचा सर्वांत नियमित उपयोग त्या करतात.

फेब्रुवारी-मार्च म्हणजे घरोघरी वाळवणं. त्यात कुरडयांचं काम सर्वांत नाजूक. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, मग पहाटे शिजवून गरम गरम साच्यातून घालायच्या. पुढं दोन दिवस खणखणीत ऊन पाहिजे. एकदा गहू पाण्यात पडला की माघार नाही. आभाळ आलं तर चीक आंबतो, घातलेल्या कुरडया चिकट राहतात, बुरशी धरतात. म्हणून काकूंचा फोन येतो, ‘गहू भिजत घालू का?’ म्हणजे त्यांना पाचव्या आणि सहाव्या दिवसाचा अंदाज हवा असतो. आणि गंमत अशी, की तो मी बऱ्यापैकी देऊ शकतो. झंझावात इराणवर असतानाच उपग्रहाच्या चित्रांत दिसतो, हवामानाचा अंदाज काढणारी युरोपीय आणि अमेरिकी संगणकी प्रारूपं त्याचा रस्ता पाच-सहा दिवस आधी आखतात. दोघांचं जमत असेल तर मी ‘घाला’ किंवा ‘सोमवारपर्यंत थांबा’ असं सरळ सांगतो. जमत नसेल तर काकूंना विचारतो की पोहे-पापड आधी उरकता येतील का. आभाळ येणार की नाही, हा सगळ्या जिल्ह्याला मिळून एक प्रश्न असतो. त्याचं उत्तर सापडतं.

तात्यांचा प्रश्न वेगळा. ‘पडंल का रं?’ एवढाच. पण त्याचा अर्थ, आपल्या रानात, ओढ्याच्या अलीकडच्या तुकड्यात, गारा पडतील का. तिथं सगळं शास्त्र अडतं.

गारपीट पट्ट्यानं पडते. ढग जसा पुढं सरकतो तसा त्याच्या पोटातून गारांचा एक पट्टा जमिनीवर उतरत जातो. कधी तो एखाद-दोन किलोमीटर रुंद असतो, कधी त्याहूनही अरुंद. ओढ्यापलीकडचा हरभरा मातीत मिसळलेला आणि अलीकडच्या रानात धूळसुद्धा बसली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाच दिवस आधी सोडाच, एक तास आधीसुद्धा तो पट्टा कुठून जाणार हे कुणी सांगू शकत नाही. ढग उभा राहिल्यावरच त्याचा माग काढता येतो, आणि तो काढायचा रडारवरून.

रडारचंही एक दुखणं आहे. पृथ्वी गोल आहे आणि रडारचा किरण जवळपास सरळ जातो. त्यामुळं जितकं लांब बघावं तितका तो जमिनीपासून वर उठत जातो. सोलापूर आम्हाला शंभरेक किलोमीटर, तिथून अर्धा अंश कोनात निघालेला किरण आमच्यावर येईतो दीड किलोमीटरच्या आसपास उंचीवर असतो. ठीक आहे, ढगाचा पायथा दिसतो. हैदराबाद सव्वादोनशे किलोमीटर. त्याचा किरण आमच्या डोक्यावरून जवळजवळ पाच किलोमीटर उंचीवरून जातो. म्हणजे हैदराबादच्या रडारला गार तयार होताना दिसते, पडताना दिसत नाही. एखाद्या दिवशी जवळच्या रडारचं चित्र आलं नाही, की मी हैदराबादवर लाल-जांभळा ठिपका बघत बसतो. वर काहीतरी भयंकर शिजतंय एवढं कळतं. त्यातलं खाली किती पोचलं, ते कळायला फोनच करावा लागतो.

चित्र दर दहा मिनिटांनी बदलतं असं धरलं, तरी ताशी ४५ किलोमीटरनं येणारा ढग दोन चित्रांमध्ये सात-साडेसात किलोमीटर सरकतो. तेवढ्यात दोन गावं होऊन जातात. म्हणून रडारसोबत मी पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप उघडं ठेवतो. ते आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरमध्ये पडणाऱ्या विजा दाखवतं. विजांचे ठिपके एकदम दाटले, की ढगाच्या आतला झोत वाढलाय असं समजायचं. गारेला हा वर जाणारा झोतच लागतो. लिंबाएवढी गार खाली येते ती ताशी साठेक किलोमीटरच्या वेगानं, म्हणजे तिला ढगात तोलून धरणारा वाराही तितक्याच जोराचा वर जात असला पाहिजे. पावसाळ्यातसुद्धा उंच ढगांत गारा बनतात, पण तेव्हा शून्य अंशाची पातळी साडेपाच किलोमीटरवर असते आणि खाली येईतो त्यांचं पाणी होतं. मार्चमध्ये तीच पातळी किलोमीटरभर खाली असते, आणि आमचं पठार मुळातच समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर वर. वितळायला रस्ताच कमी.

एका गारपिटीत गच्चीवर पडलेली लिंबाएवढी गार मी स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सुरी तापवून कापली. मधोमध दुधी रंगाचा गाभा, त्याच्याभोवती काचेसारखं पारदर्शक कडं, मग पुन्हा दुधी, मग बाहेरचं पारदर्शक, खडबडीत. थंडी फार असते तिथं पाण्याचा थेंब गारेवर आदळताच गोठतो, हवेचे बुडबुडे आत अडकतात, म्हणून तो थर दुधी. पाणी भरपूर असतं तिथं ते गारेभोवती पसरून सावकाश गोठतं, बुडबुडे निसटतात, म्हणून तो थर स्वच्छ. पूर्वी पुस्तकांतून शिकवायचे की जितकी कडी तितक्या वेळा गार ढगात वरखाली झाली. आता असं मानतात की पुष्कळशा गारा झोतातून एकाच तिरक्या फेरीत वाढतात, वाटेत कमीजास्त पाण्याचे भाग लागतात तशी कडी पडतात. हे सगळं त्या कापलेल्या चकतीकडं बघत मी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘आता खाऊन टाक.’

गच्चीवर मी थर्माकोलचा एक चौकोनी तुकडाही बांधून ठेवतो, वर ॲल्युमिनियमचा फॉइल ताणून बसवलेला. गारा पडल्या की फॉइलवर खड्डे उमटतात. खड्ड्याच्या रुंदीवरून गारेचा आकार, आणि खड्डा एका बाजूला ओढल्यासारखा असेल तर त्यावरून वाऱ्याची दिशा. बाहेरच्या देशांत हौशी निरीक्षक असेच फलक वापरतात. आपल्याकडं याची फार गरज आहे, कारण गारपीट पर्जन्यमापकात उतरतच नाही. मापकात बघावं तर बारा मिलिमीटर पाऊस. अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर जावं लागतं. बारा मिलिमीटरमध्ये अख्खं शिवार झोपलेलं असतं आणि कागदावर तो हलका पाऊस असतो. मग तलाठी, कृषी सहायक येऊन पंचनामा करतात तेव्हा आधार लोकांच्या सांगण्याचा. लोक गार मोजतात ती फळांनी. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी. मला ही मापं आवडतात, पण बोरंच दहा जातींची असतात. म्हणून मी गावच्या ग्रुपवर सांगून ठेवलंय, फोटो काढताना गारेशेजारी काडेपेटी ठेवा. त्याचा आणखी एक फायदा झाला. कुठल्या तरी जुन्या साली, कुठल्या तरी देशात पडलेल्या नारळाएवढ्या गारांचे फोटो ग्रुपवर यायचे ते बंद झाले. काडेपेटी नसेल तर आता दुसरेच लोक हटकतात.

माझ्याआधी हे काम करणारी माणसं होती, आणि त्यांना त्याचं मोल मिळायचं. विदर्भात गारपगारी नावाचा समाज आहे. नाथपंथी. ब्रिटिश काळातल्या नोंदींत त्यांचा पिढीजात व्यवसाय दिला आहे तो गावाच्या पिकांवरची गारपीट परतवण्याचा. रात्रीच्या आभाळात धूर आणि ज्वाळा एकत्र व्हाव्यात तसा काळा-तांबडा रंग दिसला, की गार येणार हे गारपगारी ओळखायचा. मग तलवार घेऊन मारुतीपुढं उभा राहायचा, ढग पांगव म्हणून विनवायचा, आणि विनवणीनं भागलं नाही तर स्वतःला मारून घेण्याची धमकी द्यायचा. शेतकरी त्याला सुगीत धान्याचा वाटा द्यायचे.

हसू येतं खरं. पण हिमाचलच्या सफरचंदाच्या पट्ट्यात २०१०च्या सुमारास गारविरोधी तोफा बसवल्या होत्या, ॲसिटिलीनचा स्फोट करून आभाळात आवाज सोडणाऱ्या. जागतिक हवामान संघटनेनं स्पष्ट म्हटलंय की या तोफांना शास्त्रीय आधार नाही. ढगात मेघगर्जना काय कमी आवाजाची असते? तिनं गार थांबत नाही. मला विचाराल तर गारपगाऱ्याचं निदान निरीक्षण तरी चांगलं होतं. आभाळाचा रंग ओळखणं म्हणजे वादळाचा माग काढण्याची पहिली पायरीच. बागायतदारांनी खर्च करायचाच असेल तर तो जाळीवर करावा. जाळी गार अडवते, हे डोळ्यांना दिसतं.

माझी खरी तक्रार इशाऱ्यांच्या रंगांबद्दल आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा, हे ठीकच. पण रंग जातो अख्ख्या जिल्ह्याला. लातूर जिल्ह्यात एका टोकाला औसा आणि दुसऱ्या टोकाला देवणी, आणि गारांचा पट्टा दोन किलोमीटरचा. फाल्गुनात जिल्हा चार-चार दिवस पिवळा राहतो, बहुतेकांच्या रानात काहीच होत नाही, आणि पाचव्या दिवशी केशरी आला तरी लोक मान वर करत नाहीत. याला मी हवामान खात्याला दोष देत नाही. त्यांना जे कळतं तेवढंच ते सांगतात, आणि तीन तासांपुरता जो तातडीचा अंदाज देतात तो खरोखर कामाचा असतो. अडचण अशी, की तीन तासांचा अंदाज शेतात काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचायलाच दीड तास जातो. फोन झाडाला टांगलेल्या पिशवीत असतो, पिशवी बांधावर आणि माणूस रानाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून आमच्या गावात मी ग्रुपवर लिहितोच, पण सोबत किराणा दुकानवाल्याला फोन करतो. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगतो. आजवर याहून चांगली यंत्रणा मला सापडलेली नाही.

तीन तासांत होतं काय? उभा गहू वाचत नाही, द्राक्ष वाचत नाही, आंबा वाचत नाही. काढलेल्या हरभऱ्याच्या ढिगावर ताडपत्री पडते. ज्वारीच्या पेंढ्या रचून झाकता येतात, नाहीतर भिजलेली ज्वारी काळी पडते आणि बाजारात निम्मा भाव येतो. कडब्याच्या गंजीवर दोर आवळता येतो. जनावरं गोठ्यात येतात. आणि माणसं झाडाखालून आणि पत्र्याच्या शेडमधून हलतात. ही शेवटची गोष्ट मी आता सर्वांत वर लिहितो. २०२३च्या ९ एप्रिलला अकोला जिल्ह्यात पारसला वादळी पावसात मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कडुनिंबाचं जुनं झाड कोसळलं आणि आसऱ्याला थांबलेली सात माणसं गेली. पाऊस आला की शेडखाली जायचं, ही आपल्या अंगातली सवय. वादळात ती मोडावी लागते.

इथं ‘एप्रिल’ असं लिहून मी जरा थांबलो. पूर्वी शिमगा झाला की मी गुलमर्ग बंद करायचो. आता करत नाही. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाचे किरन हंट यांचा २०२४चा एक शोधनिबंध आहे. गेल्या सत्तर वर्षांच्या नोंदींवरून त्यात दिसतं की पश्चिमी झंझावात आता हिवाळ्यापुरते राहिलेले नाहीत, उन्हाळ्यातही त्यांचं येणं वाढलंय. त्यांना वाहून आणणारा उंचावरचा वेगवान वारा हिमालयावरून उत्तरेकडं सरकायचा तो उशिरा सरकतोय. पंजाबच्या गव्हाला एरवी हाच झंझावात जानेवारीत पाणी पाजतो. तोच मार्च-एप्रिलमध्ये आला तर कापणीला आलेला गहू तिथंही लोळतो. म्हणजे एका लाटेत काश्मीरला बर्फ, पंजाबला काळजी आणि आम्हाला गारा.

तात्यांना मी हे समजावून सांगितलं आणि एक सूचनाही केली. हरभरा पंधरा दिवस आधी पेरला तर फेब्रुवारीच्या मध्याला घरात येईल, बच्च्याच्या तावडीत सापडणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘लवकर पेरला की मर लागती. रान तापलेलं असतंय.’ ते खरं आहे. जमीन गरम असताना पेरलेल्या हरभऱ्यावर मर रोग जास्त येतो. मी म्हटलं, मर रोगाला बीजप्रक्रिया आहे, गारेला काहीच नाही. ते म्हणाले, ‘गार सालोसाल येत न्हाई. मर सालोसाल येती.’ यावर मी काय बोलणार? मी झंझावाताची वर्षं मोजत होतो, ते त्यांच्या रानातली.

‘पेरायचं कवा ते मी बघतो,’ ते म्हणाले. ‘तू ताडपत्री कवा टाकायची तेवढं टायमात कळव. आन् दुकानात फोन करताना जरा मोठ्यानं बोल, त्याला कमी ऐकू येतंय.’